मजुरी वेगळी, लाकूड वेगळं

आधी एक काम कर गं, बाकीचं सावकाश बोलू. निंबाखाली उभी असते ती गाडी आजच दुसरीकडे लावायला सांग. सासूबाईंची दुपारची खाट ओसरीत घे आणि पोरांचा झोका सोडून ठेव. वाळलेलं डगाल पडायला वादळच यावं लागतं असं नाही. पान हलत नाही अशा भर दुपारीसुद्धा ते कडाडून खाली येतं. झाडाचं काय करायचं ते ठरायला महिना लागो की दोन, त्याच्याखाली बसणं-उठणं मात्र आजपासून बंद.

आता तुझ्या फोनचं. तू म्हणालीस, "ताई, निंब मेला, तोडावाच लागेल." मेला की नुसता आजारी पडला, ते आधी पाहून घे. कडुनिंबाच्या बाबतीत लोक फार घाई करतात. माघ-फाल्गुनात तो पानं टाकतो तेव्हाही कुणीतरी म्हणतंच, झाड गेलं म्हणून. आणि गेल्या काही वर्षांत एक रोग बराच दिसतो आहे. पावसाळ्यापासून फांद्यांचे शेंडे तपकिरी पडत जातात, दिवाळीपर्यंत सगळं झाड आगीची झळ लागल्यासारखं दिसतं. डायबॅक म्हणतात त्याला, फोमॉप्सिस नावाच्या बुरशीनं होतो. शेजारच्या तेलंगणात तर गावंच्या गावं त्यानं करपलेली दिसली होती. पण त्या रोगानं शेंडे जातात, अख्खं झाड सहसा जात नाही. उन्हाळ्याच्या तोंडी पुन्हा पालवी फुटते. म्हणून आत्ता कार्तिकात नुसते शेंडे पाहून निर्णय घेऊ नको.

नखानं किंवा चाकूच्या टोकानं साल खरवडून पाहा. आधी बोटाएवढ्या फांदीची, मग मनगटाएवढीची, मग खोडाची. सालीखाली हिरवं, ओलसर लागलं तर तेवढा भाग जिवंत आहे. छातीच्या उंचीवर खोडाला सगळ्या बाजूंनी खरवडून आत तपकिरी कोरडं भूसच निघालं, सालीचे पापुद्रे हातात यायला लागले, तर मग आशा ठेवू नको. बुंध्याशी बसून नीट बघ. जमिनीलगत कानासारखी, फळीसारखी भुईछत्री उगवली आहे का? हातोडीनं ठोकल्यावर एका जागी भरीव आणि दुसऱ्या जागी पोकळ आवाज येतो का? सब्बलीचं टोक मुळाच्या काखेत सहज आत जातं का? एका बाजूची माती उचलल्यासारखी, भेगाळल्यासारखी दिसते का? खोडावर नुसती उधळीची माती चढलेली दिसली तर तेवढ्यानं घाबरू नको, उधळी मेलेली सालही खाते. पण भुईछत्री, पोकळ आवाज आणि उचललेली माती ही तिन्ही एकत्र असली, तर झाडाची मुळंच गेली असं समज. तसं झाड वरून हिरवं असलं तरी भरवशाचं नाही.

तुमच्या अंगणात काय झालं असेल ते मला दिसतंच आहे. मागच्या वर्षी पेव्हर ब्लॉक बसवले ना, अगदी खोडाला चिकटवून? त्याआधी नालीसाठी खोदलं होतं. काळ्या मातीतल्या झाडाला एका बाजूची मुळं तोडलेली आणि वरून पाणी बंद, हे दोन्ही एकदम सोसत नाही. पुढच्या झाडासाठी एवढं लक्षात ठेव, की बुंध्याभोवती निदान तीन-चार हात माती उघडी राहिली पाहिजे. शंका राहिलीच तर अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ तुझ्या दाराशी आहे. तिथे वनस्पती रोगशास्त्राचा विभाग आहे, वनविद्या शिकवतात. फांदीचे नमुने आणि फोटो घेऊन जा, विचारायला संकोच कसला. अर्धं झाड जिवंत निघालं तर नुसती मेलेली डगालं उतरवून बाकीचं वाचवता येईल. माझं मन तर तिकडेच ओढ घेतं.

पण खोड मेलं असेल तर थांबू नको. हे मी जरा जोर देऊन सांगते. वाळलेलं झाड जितकं जास्त उभं राहील तितकं ठिसूळ होत जातं. आज ज्याच्यावर माणूस चढायला तयार आहे, त्यावर वर्षभरानं कुणी पाय ठेवणार नाही, आणि मग क्रेनशिवाय कामच होणार नाही. शिवाय आपल्याकडे अवकाळीचा भरवसा आहे का? पारसची गोष्ट तुझ्या घरापासून किती दूर आहे सांग बरं. 9 एप्रिल 2023, रविवारची संध्याकाळ. बाळापूर तालुक्यातल्या पारसला बाबूजी महाराज संस्थानात आरतीला लोक जमले होते. वादळ-पाऊस सुटला, लोक टिनाच्या शेडखाली आसऱ्याला गेले, आणि जुनं भलंमोठं कडुनिंब मुळासकट त्या शेडवर आलं. सात जणांचा जीव गेला, कितीतरी जखमी झाले. त्या माणसांनी कुणाचं काय वाईट केलं होतं गं? पावसात आडोसा शोधला, एवढंच. त्या संध्याकाळपासून मला चैत्र-वैशाखातला वारा सुटला की प्रत्येक मोठ्या झाडाखालचं छप्पर दिसतं. म्हणून सांगते, काम होळीच्या आत उरकायचं. आत्ता जमीन टणक आहे, हवा पडलेली आहे, पाखरांची पिल्लंही फारशी नाहीत. तरी ढोलीत पिंगळा किंवा राघू असेल, वर मोहोळ असेल, ते आधी पाहून घ्यायचं. आग्या मोहोळ असेल तर पोळं काढणाऱ्याला बोलावल्याशिवाय झाडाला हात लावू द्यायचा नाही.

परवानगीचं ऐक. झाड तुमच्या अंगणातलं असलं तरी शहरात ते विचारल्याशिवाय तोडता येत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 हा कायदा आहे. महापालिकेत वृक्ष प्राधिकरण असतं, वृक्ष अधिकारी असतो. तुझा अर्ज अकोला महापालिकेत जाईल, माझ्याकडचा अमरावती महापालिकेत गेला होता. कामकाज दोन्हीकडे सारखंच. अर्ज, जागेच्या मालकीचा कागद, फोटो. मग अधिकारी येऊन पाहणी करतात, झाडावर नोटीस लागते, हरकती मागवतात. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. मेलेलं, रोगट किंवा जिवाला-मालमत्तेला धोका झालेलं झाड असेल तर परवानगी नाकारू नये, अशी तरतूद कायद्यातच आहे. अर्जात हीच गोष्ट ठळक लिहायची: झाड वाळले आहे, अमुक बाजूला घर आहे, अमुक बाजूला रस्ता आणि विजेची तार आहे. 2021 च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड 'प्राचीन वृक्ष' धरतात, त्यामुळे तुमच्या निंबाची चौकशी जरा काटेकोर होईल. झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं बदल्यात लावायची, असंही त्या दुरुस्तीनं ठरवलं आहे. तुमच्या पत्रात काय अट येते ती नीट वाच आणि त्याप्रमाणेच कर. पत्र हातात पडलं की लगेच करवत लावायची असंही नाही, त्यातली मुदत पाहा.

कुणी म्हणेल, "ताई, रविवारी पहाटे उरकून टाकू, कोण पाहतंय." त्या माणसाला तिथूनच परत पाठव. तो उद्या दिसणार नाही, दंड आणि खटला तुमच्या नावावर राहील.

जावईबापू म्हणत होते की मूर्तिजापूरच्या वावरातलं चिंचेचं झाडही याच खेपेला काढू. त्यांना सांग, तिकडचा कायदा वेगळा आहे. ग्रामीण भागाला 1964 चा झाडे तोडण्याचा नियमन कायदा लागतो. त्यात अनुसूचित झाडांची यादी आहे. साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, खैर, हिरडा, अंजन, बिजा अशी ती झाडं. कडुनिंब त्यात नाही, पण चिंच आहे. तेव्हा वावरातलं झाड आहे म्हणून चिंचेला कुऱ्हाड लावता येत नाही, तिकडची विचारणा तहसीलमधून आणि वनखात्याकडून करायची. दोन कामं एकत्र बांधू नको.

सासूबाईंना मात्र कागद रंगवायच्या आधी सांग. त्यांनी त्या निंबाला किती वर्षं पाणी घातलं आहे, गोवर-कांजिण्यांत त्याच्या डहाळ्या घरात टांगल्या आहेत. त्यांना एखाद्या सकाळी मशीनच्या आवाजानं कळणं बरं नाही. तोडायच्या आदल्या दिवशी त्यांच्या हातून हळद-कुंकू, नारळ होऊ दे. पाचोळा-काटक्यांतल्या चार डहाळ्या त्यांना कोठीत ठेवायला दे. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता ज्याच्यासाठी मी एवढं लिहायला बसले ते. परवानगीचा सुगावा लागला की तुझ्या दाराशी माणसं येतील. झाडाकडे वर पाहणार नाहीत, खोडाला मिठी मारून घेर मोजतील. मग म्हणतील, "ताई, तोडायचे पैसे देऊ नका, लाकूड आम्ही नेतो." एखादा वर चार पैसे हातावर ठेवायलाही तयार होईल. घरात सगळ्यांना ते बरं वाटेल. वाळलेलं झाड फुकटात जातं आहे, अजून काय हवं! तू तिथे ठाम राहा. तोडायची मजुरी वेगळी ठरवायची, लाकडाचा सौदा वेगळा करायचा, आणि शक्य असेल तर दोन वेगळ्या माणसांशी.

का ते सांगते. ज्याची कमाई खोडात आहे त्याला झाड लवकर आडवं व्हायला हवं असतं, आणि लांब हवं असतं. आरा मशीनवर बारा फुटांचा सरळ ओंडका नेला तर भाव चांगला, तेच चार-चार फुटांचे तुकडे झाले तर भाव पडतो. तुझ्या घराला मात्र नेमके तुकडेच हवे असतात. जेवढा तुकडा लहान तेवढी भिंत, तार, टाकी सुरक्षित. म्हणजे त्याचा फायदा आणि तुझी सुरक्षा समोरासमोर उभ्या राहतात. पैसे देऊन माणूस लावला की तो तुझ्या सांगण्याप्रमाणे कापतो. आमच्या मागच्या गल्लीत एका घरी असाच लाकडाच्या बोलीवर सौदा झाला होता. ठेकेदारानं वरच्या फांद्या उतरवल्या आणि पंधरा-सोळा फुटांचं खोड एका दमात पाडलं, लांब माल मिळावा म्हणून. खोड पडलं अंगणातच, ठरवल्या जागी. पण खाली पाण्याची टाकी होती. स्लॅब आत गेला, उसळलेल्या खोडानं कंपाउंडची भिंत फोडली. ठेकेदार म्हणाला, लाकूड नेत नाही, हिशेब मिटला. भिंत आणि टाकी बांधायचा खर्च कुठल्या हिशेबात धरायचा?

शिवाय फुकटचा माणूस फायद्याचं तेवढं नेतो. खोड जातं, जाड फांद्या जातात, आणि अंगणभर काटक्या, पाला, भुसा आणि वेडावाकडा बुंधा तुझ्यासाठी राहतो. मजुरी ठरवतानाच बोलून घे, की पाला-काटक्या कुठे जाणार, बुंधा किती उंचीवर कापणार, अंगण झाडून देणार की नाही. साध्या कागदावर लिही आणि सही घे. भिंत, पत्रा, नळ, शेजाऱ्याचं काही तुटलं तर भरून कोण देणार, तेही त्यात. चढणाऱ्या माणसाचा विमा आहे का हे विचारायला लाजू नको. तो कुणाचा तरी लेक आहे. वरून पडला तर त्याचं घर बसतं.

माणूस कसा ओळखायचा? तो कुऱ्हाड किती जोरात चालवतो यावरून ओळखू नको, झाडाकडे किती वेळ बघतो ते बघ. चांगला माणूस आल्या-आल्या झाडाभोवती फेरी मारतो, वर पाहतो, ठोकून पाहतो, तार कुठे आहे विचारतो, जमिनीखाली काय आहे विचारतो. तो सांगतो की वाळलेल्या फांदीला स्वतःचा दोर बांधणार नाही. तुझ्या निंबाचं खोडच पोकळ निघालं तर तो चढायला साफ नाही म्हणेल आणि हायड्रॉलिक शिडी किंवा क्रेन मागेल. त्याला भित्रा समजू नको, त्यालाच काम दे. जो दहा मिनिटांत "उद्या सकाळी येतो" म्हणून जातो त्याला येऊ देऊ नको.

विजेची तार झाडाजवळून जाते, तेव्हा महावितरणच्या तुमच्या कार्यालयात आधी लेखी अर्ज देऊन त्या वेळेपुरता पुरवठा बंद करून घ्यायचा. "आम्ही सांभाळून करतो" यावर विसंबायचं नाही. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांग, त्यांच्या गाड्या हलवायला लाव. पोरांना त्या दिवशी सरळ माझ्याकडे अमरावतीला पाठव, खिडकीतून पाहायलासुद्धा ठेवू नको.

झाड उतरतं कसं हे तुला माहीत असलं म्हणजे तू उभी राहून पाहू शकशील. आधी बारीक, मग जाड, वरून खाली. प्रत्येक मोठ्या फांदीला कापायच्या जागेच्या पुढे दोर बांधतात, तो वरच्या भक्कम आधारावरून खाली आणून बुंध्याला किंवा दुसऱ्या झाडाला वेढे देतात, आणि खालचा माणूस हळूहळू ढील देत फांदी उतरवतो. आधी खालच्या बाजूनं थोडी खाच, मग वरून काप, म्हणजे फांदी चिरत खोडाची साल ओढत येत नाही. मेलेल्या झाडात वरचा आधारच कच्चा असतो, म्हणून जड डगालं क्रेनच्या हुकाला धरूनच कापलेली बरी. शेवटी खोड राहतं. तेही वरून हात-दोन हाताचे तुकडे काढत उतरवायचं. एकदम पाडायला घराभोवती तेवढी मोकळी जागा लागते, आणि ती तुमच्याकडे नाही. आमच्याकडे कॅम्पात जुन्या बंगल्यांच्या दारात ख्रिसमस ट्री म्हणून लावलेली अरोकेरियाची झाडं आहेत ना, ती वाळली की असंच करावं लागतं. दुमजली घराच्या वर गेलेला सरळसोट खांब, सगळा भार खोडात, आजूबाजूला आडवं पडायला जागाच नाही. शेंड्यापासून एक-एक तुकडा क्रेनला लटकवून काढल्याशिवाय गत्यंतर नसतं.

ते लोक तुला म्हणतील, "ताई, तुम्ही आत जा, आम्ही पाहून घेतो." आत जाऊ नको. झाडाच्या उंचीच्या दीडपट लांब, फाटकाबाहेर उभी राहा, पण उभी राहा. जावईबापू ड्यूटीवर असले तरी तू घरची मालकीण आहेस, सही तुझी आहे. कुणी दोराशिवाय चढताना दिसला, खाली माणूस उभा असताना वर मशीन सुरू झाली, वारा सुटला, तर मोठ्यानं "थांबा" म्हणायचं. पुरुषमाणसं रागावली तरी चालेल. सकाळी लवकर सुरू करायला लाव, चहा-पाणी, जेवण वेळेवर दे, ज्याच्या तोंडाला दारूचा वास आला त्याला फाटकाच्या आत घेऊ नको. अंधार पडायला लागला तर उरलेलं दुसऱ्या दिवशी.

लोकांना वाटतं झाड खाली आलं की संपलं. मला विचारशील तर खरी जोखीम तिथून सुरू होते, कारण सगळे सैल होतात आणि वजनाचा अंदाज कुणालाच नसतो. दोन फूट जाडीचा, तीन फूट लांबीचा एक ओंडका धर. तो साधारण सव्वानऊ ते साडेनऊ घनफूट भरतो. वाळलेला निंब घनफुटाला वीस किलोच्या आसपास, आत ओल असेल तर पंचवीस. म्हणजे तो एवढासा दिसणारा तुकडा दोन ते अडीच क्विंटलचा. जिनिंगमधली बांधलेली कापसाची गाठ 170 किलोची असते, ती दोन पोरं उचलतात का कधी? मग ओंडका "लोटून देऊ" असं का म्हणतात! गोल लाकूड एकदा उतारावर लागलं की माणसाला थांबवता येत नाही. दोन्ही बाजूंना पाचरी लावल्याशिवाय ओंडक्यासमोर कुणी उभं राहायचं नाही. हलवायचा तर खाली लोखंडी पाइप घालून, सब्बलीनं रेटत, मागून. नाहीतर चेन पुलीनं. ट्रॉलीत चढवायला हायड्रा क्रेन मागव. त्याचं भाडं देताना जीव तुटेल, पण एखाद्याच्या पायावर ओंडका आला तर काय होईल याचा विचार कर.

हायड्रा आत आणायच्या आधी सेप्टिक टँक, पाण्याची टाकी, नालीवरची फरशी कुठे आहे ते चुन्यानं आखून दे. त्यावरून चाक जाता कामा नये आणि त्यावर तुकडाही पडता कामा नये. जिथे तुकडे पडणार तिथे काटक्या-पाल्याचा जाड थर पसरायला सांग. पावसाचा शिंतोडा पडला असेल तर काम पुढे ढकल. ओल्या काळ्या मातीत जड गाडी रुतली की ती काढायला दुसरी गाडी लागते.

लाकडाचं काय करायचं हे झाड उभं असतानाच ठरव, कारण किती लांबीवर कापायचं ते त्यावर अवलंबून आहे. माझं ऐकशील तर सगळं विकू नको. निंबाचं लाकूड कडू, त्याला सहसा कीड लागत नाही. घराला दाराची चौकट, देवघर, धान्याची पेटी, काहीतरी होऊ दे त्याचं. ओळखीच्या सुताराला आदल्या आठवड्यात आणून दाखव. चौकटीला सात फुटांचा सरळ भाग कुठून निघतो ते तो खडूनं आखून देईल, तेवढा एक तुकडा क्रेनवर धरून लांब काढून घ्यायचा. बाकीचे लहानच. खोडात ठोकलेले खिळे मात्र तू शोधून ठेव. कपड्याच्या दोरीचा खिळा, झोक्याची कडी, डिशचा अँकर, निवडणुकीतल्या फलकाचे खिळे, वर्षानुवर्षं लाकडानं गिळलेलं सगळं. आरा मशीनच्या पात्याला खिळा लागला की पातं जातं, म्हणून मशीनवाला असा माल घेतच नाही किंवा भाव पाडतो. सालीवर काळा डाग, फुगीर गाठ दिसली की तिथे खूण कर.

चिरलेल्या फळ्या उन्हात टाकू नको. सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा रचून ठेव, टोकांना जुना रंग फासून घे म्हणजे चिरा पडत नाहीत. जाडीच्या इंचाला वर्षभर धरतात जुने सुतार. सुतार घाई करेल, तू करू नको. लाकूड आरा मशीनवर किंवा परतवाड्याच्या बाजारात न्यायचं असेल तर गाडी भरायच्या आधी वनखात्याच्या कार्यालयात वाहतुकीच्या पासचं विचारून घ्या. परवानगीच्या पत्राची प्रत ड्रायव्हरजवळ असू दे. रस्त्यात अडवलं तर तोंडी सांगून सुटका होत नाही. जाड फांद्यांचं सरपण स्मशानभूमीच्या समितीला विचार. पुष्कळ ठिकाणी घेतात, आणि सासूबाईंनाही ते पटेल.

बुंधा जेसीबीनं उपटायचा हट्ट नको. जुनी मुळं नळाच्या पाइपाला आणि पायव्याला वेढून असतात, ओढताना तेही येतं. जमिनीलगत कापून टाका, वर माती घाला. मुळं कुजत जातील तशी जागा खचेल, दोन पावसाळे त्यात माती भरत राहायची आणि तिथे काही बांधायचं नाही. घराच्या भिंतीशी अगदी लागून असेल तर उधळीची काळजी घ्यावी लागेल, तेवढा भाग हातानं खणून काढून घ्या. नवं झाड त्याच खड्ड्यात लावू नको. भिंतीपासून दहा-बारा फूट सोडून, तारेखाली नाही अशी जागा बघ. निंबच हवा असेल तर आषाढाच्या सुमाराला पिकलेल्या निंबोळ्या ताज्या-ताज्याच पेरायच्या. निंबोळीचं बी फार दिवस टिकत नाही, घरात ठेवून दिलं की उगवत नाही. मूर्तिजापूरच्या धुऱ्यावर निंब आहेच, तिथूनच बी आण.

अर्जाचा मसुदा मी उद्या लिहून पाठवते. तू चारही बाजूंनी फोटो काढून ठेव. त्यांत विजेची तार, शेजाऱ्यांची भिंत आणि बुंध्याशी भुईछत्री उगवली असेल तर तीही स्पष्ट दिसली पाहिजे. आणि खोडाचा घेर छातीच्या उंचीवर टेपनं मोजून मला कळव, अर्जात तो लिहावा लागतो.